एकवीस अक्षरांची जागा

जिंतूर रोडला, माझ्या दुकानात,
बंद पडलेल्या मिक्सरांच्या रांगेत
तिनं ते टेबलावर ठेवलं.
दवाखान्याच्या हिरव्या चादरीत गुंडाळलेलं
वहीएवढं काळं यंत्र,
रबरी बटणं, कोपऱ्यात रंगीत पट्टा.
"वडलांचं. शहाऐंशीचं.
माझ्या नावची पिग्मी मोडून घेतलेलं."
मग थांबून,
"टीव्हीवर नुसते पट्टे येऊ लागलेत."

लावून कुणी बघितलं?
भाच्यानं. राऊटरचं अडॅप्टर. पिन बसली म्हणून.

पिन बसते हो.
पण ह्या जातीत आत ऋण अन् बाहेर धन,
साऱ्या जगाच्या उलटं.
बसलेल्या पिनेवर भरवसा ठेवून
काय काय जळतं
ते मला इथं रोज दिसतं.

इस्माईल उस्ताद सांगायचे,
आधी वास घे, मग बघ, मग बोट लाव.
मीटर सगळ्यात शेवटी,
ते विचारशील तेवढंच बोलतं.

वास आला. गुळाचा पाक लागल्यासारखा.
नखाएवढा ट्रान्झिस्टर तडकलेला,
जिथं उणे पाच व्होल्ट पाहिजे तिथं शून्य.
मेमरीच्या आठ चिपा ओळीनं बसलेल्या,
उणे नाहीसं झालं
की ह्यांना नुसतं अधिक सोसत नाही.

"सरका जरा," ती म्हणाली,
अन् पालथा हात ठेवत गेली एकेकीवर
बेड नंबर एक, बेड नंबर दोन.
"तिसरीला ताप आहे. सातवीलाही."
सेलूच्या सरकारी दवाखान्यात
सव्वीस वर्षं नर्स.
मी तपासलं. तिसरी अन् सातवीच होती.

ट्रान्झिस्टर नांदेडहून, एसटीच्या पार्सलनं.
चिपा जालन्याच्या भंगारात मिळालेल्या
कुठल्याशा व्हिडिओ गेमच्या.
उपटताना एकीचा पाय मोडला,
तांब्याच्या तारेचा नवा लावला.
सहाव्या दिवशी
पांढरा पडदा, तळाशी इंग्रजीची एक ओळ,
जणू कालच झोपलं होतं.

"अन् ही," तिनं पर्समधून कॅसेट काढली.
पेनानं लिहिलेलं: अक्षरे, अंतिम.
ते खोडून: अंतिम २.

टेपचा आवाज म्हणजे
पत्र्यावर टाचणी. शेजारचा रसवंतीवाला
दोनदा डोकावून गेला.
हेडचा स्क्रू पाव आटा फिरवत
कान देऊन बसलो, कर्कश अजून कर्कश होईतो.
तीन मिनटं चाळीस सेकंदांवर
लाइट गेली.

संध्याकाळी पुन्हा.

ह्या यंत्रात नवी अक्षरं
एकवीसच घडवता येतात,
एकेकाला आठ बाय आठ ठिपक्यांचं घर.
मास्तरांनी ङ गाळला, ञ गाळला,
ढ, ष, ठ बाहेर उभे.
ळ मात्र आहे.
दोन गोल जमवायला
किती रात्री गेल्या असतील त्यांच्या,
चौकटीच्या वहीत, पेन्सिल खोडरबर घेऊन.

मग पडदा पुसला गेला
आणि मधोमध, ठिपक्या-ठिपक्यांनी,

बकळा

मी म्हणालो, उकार राहिलाय.
आठही ओळी क लाच लागल्या,
खाली जागाच नाही.
पण एकविसावं घर रिकामं दिसतंय,
त्यात उकार घडवू, खालच्या ओळीत ठेवू.
दहा मिनटांचं काम.

बकुळाताई बोलेनात.
रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत होतं.
"घरी मला बकळाच म्हणायचे," म्हणाल्या.
"शेवटपर्यंत. आई चिडायची,
मी तर लई चिडायची,
चांगलं नाव कामून मोडता?
ते नुसते हसायचे."

बटणावरचं बोट मी काढून घेतलं.

बिलात लिहिलं: ट्रान्झिस्टर एक, चिपा दोन, मजुरी.
अडॅप्टरवर लाल ऑइलपेंटनं:
दुसरं लावू नये.
चादर त्यांनी घडी करून
इथंच ठेवली. म्हणाल्या,
पुढच्या पेशंटला होईल.